मामाला सांगायचं राहिलं

दहावीच्या मुलांना करिअर मार्गदर्शन करायचं काम माझ्याकडे आलं ते मी त्यातली जाणकार म्हणून नाही, तर त्या दिवशीच्या बैठकीला मी उशिरा पोचले म्हणून. नाशिकहून येणारी माझी एसटी वाटेत बंद पडली आणि मी शाळेत पाय ठेवेपर्यंत वर्षाची सगळी कामं वाटून झाली होती. सहल एकाने घेतली, स्नेहसंमेलन दुसरीने, क्रीडा दिवस तिसऱ्याने. उरलं ते मार्गदर्शन. मुख्याध्यापक हसत म्हणाले, "बाई, तुम्ही तशाही सगळ्यांना सल्ले देतच असता." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

आमची शाळा सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या एका गावात. मी राहते पंचवटीत, शिकवते विज्ञान, आणि माझा स्वभाव फटकळ आहे असं माझ्या घरचे म्हणतात. शाळेतलेही म्हणतात, पण मी वर्गाबाहेर पडल्यावर.

पहिल्याच तासाला मी मुलांना विचारलं, दहावीनंतर काय करणार? मुलगे एका सुरात म्हणाले, भरती. कुणाला पोलीस व्हायचं होतं, कुणाला मिलिटरीत जायचं होतं, पण धावायचं सगळ्यांना होतं. मुली म्हणाल्या, आर्ट्स. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत आर्ट्स. मी खूश झाले, म्हटलं इतिहासाची एवढी गोडी! तर एक जण उठून म्हणाली, "नाय बाई, आर्ट्सचं कॉलेज जवळ हे. सायन्सला लांब जावं लागतं, आन् तिकडची शेवटची एसटी लवकर जाती."

मी खडू ठेवून खुर्चीत बसले. हुशारी, आवड, कल, त्यावरची ती पानंच्या पानं माहिती, सगळं माझ्या पिशवीत होतं. आणि इथे मुली आपलं पुढचं आयुष्य एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवत होत्या. बरं, त्यांना चूक तरी कसं म्हणायचं? एसटी गेली तर रात्री मुलीला आणायला मी थोडीच जाणार होते?

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मला टर्नर व्हायचंय."

वर्ग हसला. ही मुलगी उंच, हाडापेराने दणकट, आणि गेल्या वर्षभरात माझ्याशी दहा वाक्यंही बोलली नसेल. मी विचारलं, "टर्नर म्हणजे काय गं, माहिती आहे?" हे मी शिक्षकी आवाजात विचारलं खरं, पण टर्नर ज्यावर लोखंड कातून आकार देतो ते लेथ मशीन मीसुद्धा पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेलं होतं. तिने उत्तर द्यायच्या ऐवजी कंपासपेटी उघडली आणि एक लोखंडी भोवरा माझ्या टेबलावर आणून ठेवला. वजनदार, गुळगुळीत, बारीक बारीक रेघांचा. तिने तो दोन बोटांनी फिरवला. हजेरी घेऊन झाली तरी भोवरा फिरतच होता.

मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. तिचे मामा सिन्नरला वडाप चालवतात, म्हणजे माणशी भाड्याची जीप. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याकडे गेली असताना जीपचा काहीतरी भाग तुटला आणि दोघं जण एका वर्कशॉपमध्ये दुपारभर अडकून पडले. ही कंटाळून रडायला लागली. तिथल्या कारागिराला मामा म्हणाले, पोरीला काहीतरी करून दे रे. त्याने लोखंडाचा उरलेला तुकडा लेथला लावला आणि हिच्या डोळ्यांदेखत भोवरा काढला. "सोऱ्यातून शेव पडती ना बाई, तसं लोखंड पडत होतं," ती म्हणाली. एवढं बोलून झाल्यावर तिला एकदम लाज वाटली आणि भोवरा उचलून ती जागेवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून ती पोरगी माझी झाली. मला भोवरा आवडला, तिची ती शेव आवडली, आणि वर्ग हसत असताना ती हसली नव्हती ते सगळ्यात आवडलं. आयटीआयला टर्नरचा अभ्यासक्रम असतो, मुलींना राखीव जागा असतात, पुढे ओझरकडे नाहीतर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात उमेदवारीला जाता येतं, हे सगळं मी रात्री बसून शिकले आणि सकाळी तिला शिकवलं. नाशिकच्या आयटीआयच्या वेळेला धरून सकाळची एक एसटी होती आणि संध्याकाळी परतीचीही होती. वेळापत्रक मी स्वतः स्टॅण्डवर उभं राहून पाहून आले.

मग घरच्यांना समजावायला तिच्या घरी गेले. वडील स्वतःची थोडी जमीन सांभाळून द्राक्षबागांत कामाला जायचे, आईही जायची. घरात आजी. आजीने पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "त्या मशीनीत बोटं तुटत्यात का?"

मी म्हटलं, "आजी, काळजी घेतली नाही तर तुटू शकतात. तिथे काळजी घ्यायलाच आधी शिकवतात."

आजीने डावा हात पुढे केला. करंगळीचं टोक नव्हतं. "कडबा कापायच्या कुट्टीत गेलं. तवा मला कुणी शिकवलं नव्हतं. जाऊ दे तिला."

आईला वेगळीच चिंता. "हाताला सारखं ऑईल लागंल. पोरीचे हात कसे दिसतील?" त्यावर वडील म्हणाले, "अन् द्राक्षाच्या औषधानं काय मेंदी रंगती का?" आई हसली, चहा आला, आणि मी विजयी मुद्रेने परतले. दहावीचा निकाल लागला, अर्ज भरला, पावसाळ्यात प्रवेशाची यादी लागली. नाशिकची आयटीआय, टर्नर. मुलगी शाळेत येऊन माझ्या हातावर साखर ठेवून गेली.

प्रवेश नक्की करायची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. शनिवारी तिच्या आईचा फोन आला. "बाई, राहू द्या आता. तिचा मामा नको म्हनतोय."

मी म्हटलं, "मामाचा काय संबंध?"

 हा प्रश्न आपल्याकडे विचारायचा नसतो, हे मी बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. माझ्याही लग्नात माझा मामा सगळ्यांत पुढे मिरवला होता. मुलाचं जावळ काढायचं तर मामाच्या मांडीवर. कान टोचायचे तर मामाच्या मांडीवर. मुलगी मांडवात आणायची तर भटजी वडिलांना हाक मारत नाहीत, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं असंच म्हणतात. पोराच्या आयुष्यातलं प्रत्येक वळण मामाच्या मांडीवरून जातं. आणि ही एवढी मोठी गोष्ट ठरली, ती मामाला कुणी सांगितलीच नव्हती.

मुद्दाम नाही हो. आईला वाटलं, नवरा रोज कामाला सिन्नरच्या बाजूला जातो, तो सांगेल. वडिलांना वाटलं, भाऊ तिचा, ती सांगेल. आजीला वाटलं, एवढं पुढाकार घेऊन करणाऱ्या बाईंनी मामाला आधीच गाठलं असणार. लग्नघरात अशीच सख्ख्या माणसाची पत्रिका राहून जाते. जो तो समजतो, दुसऱ्याने दिली. मामांना बातमी कळली ती चालत्या जीपमध्ये, मागच्या सीटवरच्या प्रवाशाकडून. "काय, भाची टर्नर होनार म्हंते!" असं त्याने कौतुकाने म्हटलं. गाडीभर माणसांसमोर मामांना "हो का?" म्हणावं लागलं. त्यापुढे मग लोखंड, ऑईल, पोरीची जात, लोक काय म्हणतील, सगळं त्यांना एकाच वेळी आठवलं.

रविवारी मी सिन्नर गाठलं. जीपच्या अड्ड्यावर चौकशी केली तेव्हा एकाने लांबूनच दाखवलं, "ती झेंडूच्या माळेवाली." मामा ऐसपैस, मिशाळ, आवाज असा की मागच्या चौकातला प्रवासी धावत यावा. मी ओळख सांगितली. त्यांनी मला आदराने पुढच्या सीटवर बसवलं आणि लगेच म्हणाले, "बाई, जरा सरका, अजून एक बसतं." मग माझ्या शेजारी कोथिंबिरीची पाटी घेऊन एक म्हातारी बसली आणि गाडी निघाली.

मी सुरुवात केली. मुलगी कशी चांगली आहे, जागा कशी नशिबाने मिळाली आहे, सोमवारी मुदत कशी संपते आहे. मामा समोर बघत म्हणाले, "बरोबर हे. तुम्ही शिकलेली मान्सं. मला कशाला विचारता?"

"तुम्ही मामा आहात म्हणून."

"आता विचारता व्हय?"

मागून कंपनीचा गणवेश घातलेला एक जण म्हणाला, "आमच्याकडं हेत की पोरी मशीनवर. चांगलं काम करत्यात."

"तुला कुठं उतरायचं हे? तिथवर गप बस," मामा म्हणाले.

कोथिंबीरवाली म्हातारी म्हणाली, "शिकंना का पोरगी, तुझं काय जातं रं?"

"आज्जे, तू पाटी सांभाळ. पानी गळतंय सीटवर. आन् मला सांगा बाई, हे मशीन-बिशीन तिच्या डोक्यात भरवलं कुनी?"

याचीच तर मी वाट बघत होते. "तुम्ही," मी म्हटलं, आणि भोवऱ्याची सगळी गोष्ट सांगितली. वर्कशॉप, ते रडणं, लोखंडाची शेव.  मामांनी गरज नसताना गिअर बदलला. मला वाटलं, जिंकले. पण माझ्या मागे अख्खी जीप कान देऊन बसलेली होती आणि एवढ्या माणसांसमोर दुसऱ्यांदा हरायला मामा तयार नव्हते. ते म्हणाले, "रडत होती म्हनून दिला करून. आईस्क्रीम दिलं असतं तर काय आईस्क्रीमवाली झाली असती?"

गाडी खदखदून हसली. माझी सटकली. "झाली असती तर तुम्ही त्यालाही नको म्हणाला असता!" मी ओरडले, आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघं रुसलेल्या मुलांसारखे काचेतून बाहेर बघत बसलो.

उतरताना मी भाडं पुढे केलं. त्यांनी माझा हात मागे सारला. "मास्तरीनबाईकडून घेत नसतो मी." मी पाय आपटत निघाले तेव्हा मागून हाक आली, आवाज जरा खाली आणलेला. "बाई. भोवरा हे का अजून तिच्याकडं?"

"कंपासपेटीत ठेवते."

"गंजला नाय?"

"तेल लावते त्याला."

 दुसऱ्या क्षणाला पुन्हा मामांचा तो चौक हलवणारा आवाज ऐकू आला, "चलाऽ नायगाऽव, सायखेडाऽ!"

संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना फोन करून मनातलं सगळं ओकले. ते त्याच भागातले, तीन भाच्यांचे मामा. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला पटवायला गेलात. त्याला पटवायचं नव्हतं, बोलवायचं होतं."

"म्हणजे नारळ-टोपी घेऊन जाऊ का आता?"

"ते तुम्ही ठरवा. सल्ले द्यायचं काम तुमच्याकडं आहे."

सोमवारी सकाळी मी आयटीआयत पोचले. आमच्या दोन मुलांचे तिथे प्रवेश होते, तेव्हा जायचंच होतं. खिडकीसमोर रांग, भिजलेल्या छत्र्या, बापांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपलेले दाखले. प्रत्येक मुलीकडे मी अशा डोळ्यांनी बघत होते की जणू ती आमच्या मुलीचीच जागा घ्यायला आली आहे. मुलीच्या घरी फोन केला. आई म्हणाली, दाखले काढून ठेवलेत, पोरगी सकाळपासून आंघोळ करून बसली आहे, पण भाऊ नाय म्हनतोय तर कसं निघायचं? तिचंही बरोबर होतं. सोमवार संपला तरी तिला भावाकडे राखी बांधायला जायचंच होतं.

मी तिच्याकडूनच मामांचा नंबर घेतला, व्हरांड्यात आले आणि तो लावला. पलीकडे हॉर्न, माणसं, कुणीतरी सुट्टे मागत होतं. "हा, बोला."

त्या क्षणापर्यंत मी काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून जे आलं ते थेट मांडवातल्या भटजींच्या चालीत आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे. मुहूर्त पाचचा आहे."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. 

"कोन बोलतंय?" मामांनी विचारलं. आवाज ओळखला होताच त्यांनी.

"मुलीकडची."

"आमंत्रन लय उशिरा दिलं."

"सगळ्यांचं राहिलं, मामा. पहिलं आमंत्रण तुम्हाला जायला हवं होतं. तुम्ही आल्याशिवाय इथे काही होणार नाही."

"मी सिन्नरला हे. गाडी भरलेली हे माझी," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी बाकावर बसले. आमच्या दोन मुलांचे प्रवेश झाले, त्यांना मी जेवायला घातलं, घरी पाठवलं. पाऊस थांबला, पुन्हा आला. खिडकीतले कारकून जेवून आले. चार वाजून गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, तुमचं कोण राहिलंय?" मी म्हटलं, "वऱ्हाड यायचंय." ते विचित्र नजरेने बघून पुन्हा कामाला लागले. खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं. दुसऱ्याची मुलगी, दुसऱ्याचा मामा, आणि मी बाकावर बसून पदराच्या टोकाला पीळ देत होते.

फाटकातून झेंडूची माळ आत आली तेव्हा मी इतक्या जोरात उठले की बाक मागे पडलं.

जीपमधून आधी वडील उतरले, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. मग आजी, ठेवणीतलं नऊवारी नेसलेली. मग आई, पिवळी पैठणीकाठाची साडी, जी तिने बहुतेक शेवटची कुणाच्या तरी लग्नात नेसली असेल. मग हातात कातडी पिशवी घेतलेले एक अनोळखी गृहस्थ उतरले. त्या दिवशी मामांची गाडी नाशिकरोडची होती आणि ते सिन्नरहून तिकडेच निघाले होते. मामांनी गाडी मध्येच मुलीच्या गावाकडे वळवली तेव्हा बाकीचे प्रवासी शिव्या देत उतरले, हे एकटे बसून राहिले. "म्हटलं बघू तरी, काय होतंय ते," ते मला म्हणाले.

सगळ्यांत शेवटी मामा उतरले. नवी टोपी, कपाळाला बुक्का. त्यांनी मागचं दार उघडलं, भाचीला दंडाला धरून खाली घेतलं आणि तसंच धरून, अंगण ओलांडत, साचलेलं पाणी चुकवत, तिला खिडकीपर्यंत चालवत आणलं. मुलीच्या एका हातात दाखल्यांची पिशवी होती आणि दुसरी मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीत काय होतं ते मला विचारावं लागलं नाही.

"पालक कोण?" कारकुनांनी विचारलं.

मामा बाजूला सरले. "दाजी, या पुढं. सही तुमची." आणि स्वतः भाचीच्या पाठीशी उभे राहिले, मांडवात उभे राहतात तसे, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर.

"टर्नर? मुलगी?" कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुलगीच हे," मामा म्हणाले. "काय अडचन?"

काहीच अडचण नव्हती. शिक्के बसले, पावती मिळाली. एवढा सगळा गोतावळा बघून तिथल्या एका निदेशकांना, म्हणजे वर्कशॉपात शिकवणाऱ्या सरांना, गंमत वाटली असावी. ते म्हणाले, चल, तुला तुझं वर्कशॉप दाखवतो. मुलीने आधी आईकडे पाहिलं, मग मामांकडे. मामांनी मान हलवली आणि खांद्यांवरचे हात काढून घेतले. ती निदेशकांच्या मागे निघाली, व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या मोठ्या लोखंडी दारातून आत गेली, आणि आत कुठेतरी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

इकडे आईने पदर डोळ्यांना लावला. आजीनेही लावला. एवढ्या पैठणीकाठात, टोप्यांत, बुक्क्यात आणि शेवटी दारातून आत गेलेल्या मुलीत आम्हा सगळ्यांना एकच प्रसंग दिसत होता, आणि मीसुद्धा रुमाल शोधत होते. नाशिकरोडचे गृहस्थ आभाळाकडे बघत होते.

मामांनी घसा खाकरला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं येडे, रडती काय? ही रोज संध्याकाळी घरी येनार हे."